टिकली शू करताना गाते (गिनी पिग, मूतखडा, ऑपरेशन)

ओसरी | शुक्रवार, रात्री ९:५२

घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. आमच्याकडे दोन गिनी पिग आहेत, टिकली आणि बुंदी, सख्ख्या बहिणी, सव्वाचार वर्षांच्या. टिकलीने काल संध्याकाळपासून तोंडाला काही लावलेलं नाहीये. ढोबळी मिरचीचा तुकडा नाकाजवळ नेला तर मान फिरवते, आणि ही तीच बया जी फ्रिजचं दार उघडलं की घर डोक्यावर घेते. कोपऱ्यात केस फुलवून, पाठीला पोक काढून बसलीये. लेंड्या एकदम कमी, ज्या आहेत त्या बारीक नि सुकलेल्या. आणि आज दुपारी टॉवेलवर गुलाबी डाग दिसला.

बुधवारी संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथे मुख्यतः कुत्री-मांजरंच येतात. लघवीचं इन्फेक्शन असेल म्हणाले, सिरप दिलं, दोन दिवसांत फरक पडेल म्हणाले. चार डोस झाले, फरक हा असा पडलाय.

आता लेकीचं सांगते. ती नऊ वर्षांची आहे. गेले दोन आठवडे सांगत होती की आई, टिकली शू करताना गाते. मी पण ऐकलं, बारीक लांबवलेलं कुईईई. गोड वाटलं मला. व्हिडिओ काढून बहिणीला पाठवला आणि आम्ही दोघी हसलो. आता तो व्हिडिओ परत लावायची हिंमत होत नाहीये.

डॉक्टरांचा फोन बंद, दवाखाना उद्या १० ला उघडतो. तोपर्यंत काय करू?


चकलीचोर | रात्री ९:५८

सिरपच्या बाटलीवर काय नाव आहे ते आधी सांग. बाकी सगळं नंतर.


शेपूटवाला | रात्री १०:०४

मी व्हेट आहे, ससे-गिनी पिग वगैरे छोट्या प्राण्यांचंच काम जास्त करतो. डोस इथे सांगत नाही, कृपया कोणी विचारू नका. पण एक स्पष्ट सांगतो, सकाळी १० ची वाट बघू नका. गिनी पिगचं आतडं सतत चालू राहण्यासाठीच बनलेलं असतं, आत गवत आंबवणारे जंतू असतात, त्यांना वरून माल येत राहायला लागतो. खाणं १२ तास थांबलं तरी आतडं मंदावायला लागतं, २४ तास म्हणजे सरळ इमर्जन्सी. लघवीत रक्त आणि शू करताना ओरडणं याचा अर्थ तिथे काहीतरी दुखतंय, बहुतेक वेळा खडा. पण आज रात्री जिवावर बेतेल ते खड्यामुळे नाही, न खाण्यामुळे.

आणि चकलीचोर बरोबर विचारतायत. औषधाचं नाव लिहा.


ओसरी | रात्री १०:०९

बाटलीवर लिहिलंय अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. रात्रीचा डोस आत्ता द्यायचा होता, सिरिंज भरून ठेवलीये.


चकलीचोर | रात्री १०:१०

नको नको नको देऊ


शेपूटवाला | रात्री १०:१६

देऊ नका. सिरिंज रिकामी करा. पेनिसिलिनच्या घरातली औषधं कुत्र्या-मांजरांना सर्रास चालतात, गिनी पिगला तोंडावाटे दिली तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम जातीचे वाईट जंतू माजतात, ते विष सोडतात. लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन यांचंही तेच. यांना चालणारी अँटिबायोटिक्स वेगळी आहेत, एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा, ती तपासून डॉक्टरच देतील. तुमचा काही दोष नाही, तुम्ही सांगितलं तेच दिलंत.

आता हे करा. एक, पोटावर बोटांनी हळूच टिचकी मारल्यासारखं करून बघा. ढोलकीसारखं ताणलेलं, टणक लागलं तर काहीही भरवू नका, तसंच उचला आणि निघा, तो गॅसचा प्रकार असतो आणि त्यात पोटाला पीळही पडलेला असू शकतो. दोन, कान आणि पावलं थंड लागतायत का बघा, लागली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी सोडा म्हणजे तिला गरम झालं तर सरकता येईल. तीन, एक्झॉटिक म्हणजे ससे-पक्षी-गिनी पिग बघणारा रात्रपाळीचा डॉक्टर शोधा, फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, तुम्ही गिनी पिग बघता का.


ओसरी | रात्री १०:२४

पोट मऊ आहे. कान थंडगार आहेत. नवरा फोन लावत बसलाय. भरवू का काही? कसं भरवतात?


राघूमैना | रात्री १०:३१

पोट मऊ आहे ना, मग भरव. क्रिटिकल केअरची पावडर (आजारी गवतखाऊ प्राण्यांना भरवायचं तयार खाद्य) घरात असेल तर उत्तम, नसेल तर रोजचे पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून पातळ खळीसारखं कर, १ मिलीच्या सिरिंजचं टोक थोडं कापून टाक म्हणजे गवताचे तंतू अडकणार नाहीत, पण कापलेली कड बोटाने तपास, बोचायला नको. तिला बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं टॉवेलात गुंडाळ, पण उताणी मुळीच करू नकोस, पोटावर बसलेलीच ठेव. समोरच्या दातांच्या मागे बाजूला एक मोकळी फट असते, तिथून सिरिंज आत घाल, अर्धा मिली सोड आणि थांब. जबडा हलताना दिसला, गिळलं, की मग पुढचा. सरळ समोरून पिचकारी मारलीस तर श्वासनलिकेत जाईल. पहिल्यांदा अर्धं तुझ्या कपड्यांवर जाईल, ते गृहीत धर.


स्पष्टवक्ता२ | रात्री १०:४०

रागवू नका पण एवढ्याशा उंदरासारख्या प्राण्यासाठी रात्री धावपळ, मग एक्सरे, मग ऑपरेशन... आयुष्य किती असतं त्याचं? दुसरी आणा, बुंदीला पण सोबत होईल. आणि मुळात हे डुक्कर आहे का उंदीर?


पाणपोई | रात्री १०:४३

रागवलो.

आयुष्य ५ ते ८ वर्षं, आठ धरली तर जवळजवळ अर्धी तिची अजून बाकी आहेत. आणि डुक्कर नाही, गिनी देशातलंही नाही, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला कुरतडणारा प्राणी आहे. नाव ठेवणाऱ्याने दोन्ही शब्द चुकवले, तुम्ही निदान वेळ तरी बरोबर निवडायची.


ओसरी | रात्री १०:५८

डॉक्टर मिळाले. निघतोय. ४ मिली गेलं पोटात, बाकी माझ्या ओढणीवर.


ओसरी | शनिवार, सकाळी ११:२०

रात्री दोनला परत आलो. थोडं सविस्तर लिहिते, झोप तशीही येत नाहीये.

डॉक्टर बाईंनी तिला आधी काट्यावर ठेवलं. ८७१ ग्रॅम. मला म्हणाल्या नेहमीचं किती असतं? मी म्हटलं असेल ९५० च्या आसपास. लेक झोपेतून उठून आली होती बरोबर, ऐकेचना, तिने दप्तरातून वही काढली. दर रविवारी ती दोघींना स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवते नि लिहिते, हे मला माहीत होतं, पण मी ती वही कधी उघडून बघितली नव्हती. टिकली ९६५, ९६०, ९५१, ९३६, ९१८. पाच रविवार. बुंदी त्याच पाच रविवारी ८९० च्या पुढेमागे, जागच्या जागी. डॉक्टर बाईंनी ती वही दोनदा वाचली आणि लेकीला म्हणाल्या की हे तू लिहिलंस म्हणून मला कळतंय की हे कालचं दुखणं नाही. लेक खूश झाली. मी भिंतीकडे बघत बसले.

एक्सरेमध्ये खडा पांढराशुभ्र दिसला, मोत्यासारखा, लघवीच्या पिशवीत, ७ मिलिमीटर. म्हणाल्या यांचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात म्हणून एक्सरेत इतके स्वच्छ दिसतात. मादीमध्ये अगदी बारीक खडा कधीकधी आपोआप पडतो, पण हा पडणार नाही, काढावा लागेल. मी विचारलं विरघळवायचं औषध? माणसांना देतात तसं? तर या प्रकारच्या खड्याला तसलं काही लागू पडत नाही म्हणाल्या.

पण लगेच ऑपरेशन नाही. आतडं आधी चालू व्हायला हवं, अशा अवस्थेत भूल दिली तर धोका जास्त. कातडीखाली सलाईन दिलं, पाठीवर उंटासारखा फुगवटा आला होता, घरी येईपर्यंत जिरला. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम, अँटिबायोटिक बदललं, व्हिटॅमिन सी. आणि दर तीन-चार तासांनी भरवायचं. सोमवारी सकाळी ऑपरेशन, तोवर खायला लागली तर.

आता खरं सांगा. करू का? नवरा म्हणतो तू ठरव. त्याचा अर्थ काय होतो सगळ्यांना माहीत आहे.


मावळतीचा | शनिवार, दुपारी १२:०५

लिहू की नको असं झालं. आमचा गेला. ऑपरेशन नीट झालं, शुद्धीवर पण आला, आणि नऊ तासांनी गेला. त्यात फरक एवढाच सांगतो की आम्ही चार दिवस न खाता काढले होते, होईल बरा होईल बरा करत. टेबलावर गेला तेव्हा त्याच्यात काही उरलंच नव्हतं. तुमचे डॉक्टर आधी भरवा म्हणतायत, म्हणजे जाणकार आहेत. मी तुमच्या जागी असतो तर केलं असतं. पण सगळं सुखरूप होतंच असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.


राघूमैना | शनिवार, दुपारी १२:३०

आमच्याकडे दोनदा झालं, एकाच प्राण्यावर. पहिल्यानंतर १४ महिन्यांनी परत खडा. दुसऱ्या वेळी पण निभावला, नंतर पावणेदोन वर्षं मस्त जगला आणि म्हातारपणाने गेला. खडा परत होऊ शकतो हे मात्र आत्ताच मनाशी धरून चाल, नंतर धक्का बसतो.


शेपूटवाला | शनिवार, दुपारी १:१५

खडा तसाच ठेवला तर तो आत घासत राहतो, वाढतो, आणि मूत्रमार्गात अडकला तर लघवी तुंबते. म्हणून काढायचा. सर्जनना विचारायचे काही प्रश्न, त्यांना राग यायचं कारण नाही, चांगला डॉक्टर उलट खूश होतो:

रात्रभर उपाशी ठेवायला सांगतायत का? कुत्र्याला ठेवतात कारण त्याला भुलेत उलटी होते. गिनी पिगला उलटी करताच येत नाही, त्यामुळे रात्रभराचा उपास नको, फार तर शेवटचा थोडा वेळ, कारण गालात चारा साठलेला असतो आणि तो भूल देण्याआधी साफ करावा लागतो. भूल मास्कने देणार का नळीने? यांच्या घशात मऊ टाळूला अगदी बारीक भोक असतं, नळी घालणं कठीण, म्हणून बहुतेक ठिकाणी मास्कने आयसोफ्लुरेन देतात. टेबलावर गरम कसं ठेवणार, इतकं छोटं अंग भुलेत भराभर थंड पडतं. खडा काढल्यावर तिथल्या तिथे दुसरा एक्सरे काढणार का, म्हणजे मागे कण राहिला तर कळतं. आणि टाके कातडीच्या आतून घाला म्हणावं, बाहेरचे टाके हे लोक दाताने उसवतात.

रक्ताचाही हिशोब लक्षात घ्या. ९०० ग्रॅमच्या जिवात सगळं मिळून ६०-६५ मिली रक्त असतं. आपल्याला जे चार थेंब वाटतात ते तिथे चार थेंब नसतात. म्हणून हात सवयीचा हवा.


गवतकाडी | शनिवार, संध्याकाळी ६:४०

खायला काय देत होतात? लसूणघास देता का? त्याच्यात कॅल्शियम भरपूर असतं, सगळे खडे त्यानेच होतात.


ओसरी | शनिवार, संध्याकाळी ७:०२

हो. देत होते. त्यांना फार आवडतो म्हणून. म्हणजे हे मीच केलं का?


पाणपोई | शनिवार, संध्याकाळी ७:०६

गवतकाडी, वेळ बघून बोलत जा की.


शेपूटवाला | शनिवार, रात्री ८:३०

लसूणघास म्हणजे अल्फाल्फा, वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज नको हे खरं. यांचं शरीर अन्नातलं कॅल्शियम भरपूर शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीतून बाहेर टाकतं, म्हणून निरोगी गिनी पिगची लघवी पण गढूळ असते आणि वाळल्यावर पांढरा थर राहतो. पण तोच लसूणघास बुंदीने पण खाल्ला ना? तिला काही नाही. पाणी कमी पिणं, अंगाचा कल, इन्फेक्शन, हालचाल कमी, बरीच कारणं एकत्र येतात. आता टिमोथीसारखं साधं गवत भरपूर, पाणी भरपूर, भाजी ओली करून द्या. अपराधीपणा नंतरसाठी ठेवा, आत्ता तुम्हाला वेळ नाही.


ओसरी | रविवार, रात्री ११:४८

आज दिवसभरात ५५ मिली भरवलं. लेंड्या ३१, लेकीने मोजल्या, त्यातल्या १९ बऱ्यापैकी मोठ्या. वजन ८७८. संध्याकाळी गवताची एक काडी स्वतःहून तोंडात धरली, चावली नाही, नुसती धरून बसली, विडी ओढणाऱ्या आजोबांसारखी. डॉक्टर बाईंना कळवलं, उद्या ९ ला बोलावलंय.


ओसरी | सोमवार, सकाळी ९:४०

आत नेलं. बुंदीला पण बरोबर आणलंय, डॉक्टरांनीच सांगितलं, एकटीला आणलं तर घाबरते आणि परत गेल्यावर दवाखान्याच्या वासामुळे दुसरी ओळखत नाही कधीकधी. बुंदी पिंजऱ्यात माझ्या मांडीवर आहे आणि निवांत काकडी खातेय. हिला काही पडलेलीच नाही.


चकलीचोर | सोमवार, सकाळी ९:४४

इथेच आहोत आम्ही.


ओसरी | सोमवार, सकाळी ११:३१

झालं. श्वास चालू आहे, शुद्धीवर येतेय. खडा काढला. मला डबीत घालून दिला. मी समजत होते गुळगुळीत असेल, एक्सरेत मोत्यासारखा दिसला होता ना. अजिबात नाही. खरखरीत, गोखरूच्या काट्यासारखे टोकटोक असलेला, पिवळट. बोटाच्या पेरावर ठेवला तर बोचला मला. हा घेऊन ती दोन आठवडे

नंतर लिहिते.


मावळतीचा | सोमवार, सकाळी ११:४०

वाचून बरं वाटलं. आता खरं काम सुरू, पुढचे तीन दिवस झोपायचं नाही असं समजा.


ओसरी | बुधवार, पहाटे ३:२५

मावळतीचा, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं.

सोमवारी संध्याकाळी घरी आणली. लाकडाचा भुसा सगळा काढून टाकला, टाक्यांना चिकटू नये म्हणून, नुसती फ्लीसची चादर, ती दिवसातून तीनदा बदलते. पोटाच्या मधोमध तीन सेंटिमीटरची रेघ, केस काढलेले, इतकं गुलाबी छोटंसं पोट मी आधी कधी बघितलंच नव्हतं. सोमवारी रात्री थोडं खाल्लं तिने सिरिंजने आणि मला वाटलं जिंकलो. काल सकाळपासून पुन्हा बंद. तोंडात सोडलेलं तसंच बाहेर. लेंड्या कालच्या अख्ख्या दिवसात सहा. वजन ८१२.

दात करकरवतेय. सुरुवातीला मला वाटलं चावतेय काहीतरी, आनंद झाला मला, मग जवळ जाऊन बघितलं तर तोंडात काहीच नाही. दुखलं की असं करतात म्हणे. डॉक्टर बाईंना रात्री फोन केला तर म्हणाल्या मेलॉक्सिकॅम एकटं पुरत नाहीये, या, इंजेक्शन देते. ब्युप्रेनॉर्फिन दिलं. दुखत असलं की आतडं थांबतं, दुखणं थांबवलं की भूक आपोआप येईल असं म्हणाल्या. त्याला आता चार तास झाले.

दीडला मी भरवायला बसले आणि तिने माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि मला रडूच आलं. नवरा उठून आला, काही न बोलता टॉवेल माझ्या हातातून घेतला आणि स्वतः भरवायला बसला. हा माणूस ज्याने त्या दोघी आणायला सगळ्यात जास्त विरोध केला होता. अर्ध्या तासात ७ मिली. मधेमधे तिला काहीतरी सांगत होता हळू आवाजात, मी विचारलं काय सांगतोयस, तर म्हणे ऑफिसचं.


राघूमैना | बुधवार, पहाटे ३:५०

अगं दुसरा-तिसरा दिवस असाच असतो, सूज तेव्हाच सगळ्यात जास्त असते. दुखणं आवरलंय ना, आता वाट बघ, पण भरवणं सोडू नकोस. बुंदी चांगली खाते ना? तिच्या ताज्या लेंड्या थोड्या पाण्यात कुस्करून ते पाणी टिकलीला द्यायची एक पद्धत आहे, चांगले जंतू परत आतड्यात जावेत म्हणून. ऐकायला ईईई वाटतं पण यांचं तसंही लेंड्या खाल्ल्याशिवाय भागत नाही, स्वतःच्या मऊ लेंड्या खाऊनच त्यांना बी जीवनसत्त्वं मिळतात. अँटिबायोटिकने आतलं सगळं साफ झालेलं असतं ना. डॉक्टरांना विचारून कर मात्र.


शेपूटवाला | बुधवार, सकाळी ७:३०

राघूमैना, बरोबर. विचारून करा. आणि वजन दिवसातून एकदा, एकाच वेळी, भरवण्याआधी. दर तासाला काट्यावर ठेवू नका, तिलाही त्रास आणि तुम्हालाही. मूळ वजनाच्या १५ टक्के उतरलंय, ते जास्त आहे, पण इथून परत आलेले बघितलेत मी.


ओसरी | गुरुवार, सकाळी ८:१५

बुंदीचं पाणी दिलं काल दोनदा, डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. लेकीने लेंड्या निवडून दिल्या, अगदी तांदूळ निवडतात तशा, ही नको आई ही जुनी आहे.

रात्री दोघींना एकत्र ठेवलं. बुंदीने आधी वास घेतला, घशातून गुरगुर केली, दोन पावलं मागे गेली. मग येऊन टिकलीच्या पाठीला पाठ लावून बसली. पहाटे पाचला उठून बघितलं तर बुंदी कोथिंबिरीची काडी ओढत होती आणि तिचं दुसरं टोक टिकलीच्या तोंडात होतं. दोघी दोन टोकांनी खात मध्यावर आल्या आणि मग बुंदीने हिसकावलं. टिकली ओरडली! रागाने ओरडली. मी ते ऐकून स्वयंपाकघरात जाऊन एक अख्खी जुडी आणली.

लेंड्या आत्तापर्यंत ११, गोल, चकचकीत.


चकलीचोर | गुरुवार, सकाळी ८:१७

🙏🙏 जुडी अख्खी देऊ नकोस पण. हळूहळू.


ओसरी | गुरुवार, सकाळी ८:१९

तीन काड्या दिल्या फक्त. बाकीची बुंदीने ढापली.


ओसरी | पुढचा रविवार, दुपारी ४:००

वजन ८४९. सिरिंज आता दिवसातून दोनदाच. टाके कोरडे आहेत. अँटिबायोटिकचा कोर्स अजून तीन दिवस. त्या पहिल्या दवाखान्यात जाऊन मी सांगून आले की ते सिरप गिनी पिगला चालत नाही, शांतपणे सांगितलं, तिथले डॉक्टर आधी जरा ताठ झाले, मग वहीत लिहून घेतलं. भांडायचं ठरवून गेले होते खरं तर.


स्पष्टवक्ता२ | पुढचा रविवार, रात्री ९:१०

रोज येऊन वाचत होतो. काडीचं वाचून हसलो. माफ करा त्या दिवशीचं.


गवतकाडी | पुढचा रविवार, रात्री ९:३५

मी पण. व्हिटॅमिन सी पाण्यात टाकत असाल तर नका टाकू, पाण्यात लवकर निकामी होतं, थेट तोंडात द्या. आपल्यासारखंच त्यांच्या शरीरात ते तयार होत नाही. एवढं उपयोगाचं सांगून जातो.


ओसरी | अडीच महिन्यांनी

खूप जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून धागा वर काढतेय.

काल तपासणीचा एक्सरे झाला, पिशवी रिकामी. खड्याचा रिपोर्ट आधीच आला होता, कॅल्शियम कार्बोनेट. वजन ९४२. लसूणघास बंद, दोघी माझ्यावर आठवडाभर रुसून होत्या. पोटावर केस आले परत, तेवढी पट्टी मात्र पांढरी आलीये, आधी तिथे तपकिरी होती. दर तीन महिन्यांनी एक्सरे काढत राहायचं ठरलंय. वही आता फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेली असते आणि ती मी वाचते.

रविवारी वजनं झाल्यावर लेक पिंजऱ्यासमोर पालथी पडून राहिली होती, बराच वेळ, हनुवटी हातावर. मी म्हटलं काय बघतेस? ती म्हणाली श्श, शू करतेय. मी पण शेजारी पडले. टिकली कोपऱ्यात मागे सरकली, ढुंगण जरा वर केलं, चादरीवर ओला गोल पसरत गेला, गढूळसा, नेहमीसारखा. आम्ही दोघी कान लावून होतो. काहीही आवाज आला नाही. मग ती वळली आणि गवतात तोंड घातलं.

"गाणं विसरली वाटतं," लेक म्हणाली.